फंडअण्णांची तपासणी

अर्ज हातात आला की अण्णा तो आधी वाचायचे नाहीत, तोलायचे. उजव्या तळहातावर कागद ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "दीड तोळा." मग तो अर्ज तसाच परत. साध्या टपालाच्या तिकिटात, म्हणजे एका तोळ्यात, जे मावत नाही ते मागणाऱ्यालाच नीट कळलेलं नसतं, असा त्यांचा हिशेब. पुढं सरकारनं तोळे काढून ग्रॅम आणले, आण्यांच्या जागी नवे पैसे आणले, पण यांच्या तळहातापर्यंत तो हुकूम काही पोचला नाही. तळहात अखेरपर्यंत तोळ्यातच बोलत राहिला.

माझा अर्ज अडीच तोळे भरला होता.

आयुष्यभर टपाल खात्यात काढून ते पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. आमच्यासारखेच बंगळूरचे जुने मराठी. म्हणजे घरात मराठी, दारात कानडी, आणि रागावले की दोन्ही. चिकपेटेतल्या एका रेशीम व्यापाऱ्यानं मरताना बरीच रक्कम सरकारी शाळांसाठी ठेवली होती आणि तिचा कारभार यांच्यावर सोपवला होता. का, तर एकदा नुसतं नाव आणि 'बंगळूर' एवढाच पत्ता असलेलं पत्र यांनी आठ दिवस फिरून त्या शेठला पोचवलं होतं. शेठ स्वतः शाळेत कधी गेले नव्हते. एका शाळेसमोरच्या कट्ट्यावर कापड विकत ते मोठे झाले, आणि इतक्या वर्षांत त्या शाळेतल्या कुणी त्यांना आत बोलावलं नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली होती. म्हणून मृत्युपत्रात स्पष्ट लिहिलेलं: विटा, चुना, घड्याळ आणि संगमरवरी पाटी यांतल्या कशालाही पैसा नाही. शाळा आणि तिच्या शेजारची माणसं एकमेकांच्या ओळखीची होतील, अशाच कामाला द्यावा.

आता असं काम कोणतं, हे ठरवणार कोण? अण्णा. समोर सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे, पाठीमागं फंडअण्णा. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कुणीतरी चुकून तोंडावरच म्हणालं, तर म्हणाले, "सरी, ठीक. पत्ता बरोबर आहे, आता निरोप सांगा."

मी बी.ए. आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या काळात मी ते सगळ्यांनाच आधी सांगायचे. आम्ही शिंपी. तीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांची फौज इकडं आली तेव्हा तिच्याबरोबर आलो म्हणतात; फौज लढायला आली आणि आम्ही तिचे फाटके कपडे शिवायला. त्या तीनशे वर्षांत आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं माणूस मी पहिलं. पदवीदानाचा काळा झगा भाड्यानं आणला होता. वडिलांनी तो उलटा करून दिव्याशी धरला, टाके पाहिले आणि म्हणाले, "पदवी चांगली आहे. शिलाई वाईट." पण त्या रात्री गल्लीत पेढे वाटले ते त्यांनीच.

तर अशी मी, बी.ए., आमच्याच वस्तीतल्या सरकारी शाळेत शिक्षिका झाले. मल्लेश्वरमच्या बाजूनं रेल्वेचे रूळ ओलांडले की आमची वस्ती लागायची. पुरुष गिरणीत नाहीतर शिवणावर, आणि बायका घरोघरी हप्पळ करणाऱ्या. हप्पळ म्हणजे पापड. आमच्या घरी पापड हा शब्द पाहुणे आले तरच. शाळा चौथीपर्यंत. चौथी झाली की मुलगे रूळ ओलांडून मल्लेश्वरमच्या शाळेत जायचे आणि मुली घरी बसायच्या. मालगाड्या तासन्‌तास उभ्या असत, पोरं डब्यांखालून वाकून जात. मुलींना कोण तसं पाठवणार? मला वडिलांनी हात धरून रोज त्या रुळांवरून नेलं होतं, रोज आणलं होतं, म्हणून मी बी.ए. सगळ्यांचे वडील काही दुकान बंद करून येऊ शकत नव्हते.

शिक्षण खात्याचं म्हणणं सरळ होतं. वीस मुलींची नावं दाखवा, पाचवीचा वर्ग देतो, पुढं सहावी, सातवी. आमचे हेडमास्तर दोन वर्षं त्या वीस नावांच्या मागं होते. जरीकाठाचा फेटा आणि बंद गळ्याचा कोट घालणारे, निवृत्तीला आलेले, मनानं फार चांगले गृहस्थ. घरोघर जाऊन यायचे आणि हताश होऊन खुर्चीत बसायचे. फंडाची बातमी त्यांच्या कानावर आली तेव्हा ते मला म्हणाले, "तू बी.ए. आहेस. अर्ज तू लिही."

मी लिहिला. चार फुलस्केप पानं, इंग्रजीत. एकेक शब्द असा की डिक्शनरीतून उतरवताना मलाच धाप लागली होती. आमच्या वस्तीतले पालक, विशेषतः माता, शाळेकडं फिरकत नाहीत. त्यांच्यात जागृती आणण्यासाठी लाउडस्पीकरचं भाडं, छापील पत्रकं, स्लाइड दाखवण्याचं यंत्र आणि सभेला येणाऱ्यांसाठी लिंबाचं सरबत यांना मदत मिळावी, असा त्याचा सारांश.

चिकपेटेतल्या शेठच्या दुकानावरची एक खोली म्हणजे फंडाची कचेरी. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. त्यांनी अर्ज तोलला आणि डोळे न उघडताच म्हणाले, "अडीच. इतकं जड काय घातलंय, टीचरम्मा?"

"विषय गंभीर आहे, सर."

"सर म्हणू नका, स्वल्प घाबरल्यासारखं होतं. चला खाली."

खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक फुलवाली बसायची. तिच्यापुढं मला उभं केलं. म्हणाले, "वाचा हिला. कानडीत सांगा."

मी जमेल तसं भाषांतर करून सांगायला लागले. पहिलं पान संपायच्या आधीच फुलवालीनं मोगरा ओवता ओवता त्यांच्याकडं मान वर करून विचारलं, "एनु बेकंते इवळिगे?" हिला काय हवंय म्हणे?

मला राग आला होता. तोंडातून निघून गेलं, "आयांनी शाळेत यावं, एवढंच हवंय."

"मग तेवढंच सांगायचं की," ती म्हणाली आणि सुई पुढं चालू.

अण्णांनी अर्ज माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "येईन मी शाळा बघायला. कधी ते विचारू नका." मी बसस्टॉपपर्यंत रडू गिळत गेले. चार वर्षं कॉलेज करून फुलवालीनं नापास करावं, म्हणजे काय?

त्यांची शाळा बघायची तऱ्हा पुढं मला कळली, कारण पुढची कितीतरी वर्षं मी त्यांच्याबरोबर हिंडले. ते शाळेच्या पाटीखाली उभे राहून रस्त्यावरच्या माणसाला विचारायचे, "काय हो, इथं शाळा कुठाय?" माणूस वेड्यासारखा त्यांच्याकडं, मग पाटीकडं बघायचा. "हीच की" एवढंच म्हणाला तर काठावर पास. "कोण पाहिजे? हेडमास्तर आत्ताच कॉफीला गेलेत" म्हणाला तर उत्तम. आणि "कुणास ठाऊक, तिथं विचारा" म्हणाला तर अण्णा आलेल्या बसनं परत. शाळेत कॉफी कधी घ्यायचे नाहीत. शाळेला लागून जे पहिलं घर असेल तिथं जाऊन मागायचे. कोटाच्या खिशात भाजलेले डाळे असायचे. कुणाचं भाषण लांबलं की खिशात हात जायचा, आणि त्या शांततेत एकेक दाणा असा कुरकुर वाजायचा की वक्ता आपोआप समारोपाला यायचा. मोठमोठे लोक मी त्या डाळ्यांनी आवरलेले पाहिलेत.

बसवनगुडीतल्या एका शाळेनं विज्ञान प्रदर्शनासाठी मदत मागितली होती. अण्णा गेले, तर शाळेच्या फाटकासमोर एक इस्त्रीवाला. पंधरा वर्षं तिथंच हातगाडी. त्याला विचारलं, "आत कधी गेलायस?" तो म्हणाला, "कशाला? कपडे बाहेरच देतात की." अण्णांनी मदत मंजूर केली, पण अट घातली: विज्ञानाचा पहिला तास हा माणूस घेणार. हेडमास्तर लालबुंद. अखेर घेतला. इस्त्रीवाल्यानं पेटत्या कोळशाची इस्त्री टेबलावर ठेवली, बोट ओलं करून थेंब टाकला, आणि थेंब कसा नाचला की सुती कापड, कसा उडाला की रेशीम, हे दाखवलं. मुलं बाकांवर उभी राहिली. तो तास संपल्यावर त्यानं हेडमास्तरांना विचारलं, "उद्या पण यायचं का, स्वामी?" अण्णा हे सांगताना दर वेळी त्या 'उद्या पण'पाशी थांबायचे आणि स्वतःशीच हसायचे.

पण त्या दिवशी हे काही मला ठाऊक नव्हतं. आम्हाला तपासणी म्हणजे इन्स्पेक्टरची तपासणी, एवढंच माहीत.

हेडमास्तरांचे मेहुणे शेठच्या दुकानात कामाला होते. त्यांच्याकडून कळलं: गुरुवारी सकाळी. मग काय विचारता. भिंतींना चुना, कडेनं काव, दारात रांगोळी, मुलांना स्वागतगीत. आणि पटांगण मोकळं करायचं. त्या पटांगणात काय असायचं ते सांगितलं पाहिजे. वस्तीत अंगण कुणालाच नव्हतं. एका खोलीत सात माणसं. त्यामुळं शाळेच्या मागच्या भिंतीला पडलेल्या खिंडारातून बायका रोज आत यायच्या आणि पटांगणभर चटया पसरून हप्पळ, सांडगे, मिरच्या वाळत घालायच्या. कावळे हाकत तिथंच दुपारपर्यंत बसायच्या, लाटायच्या, भांडायच्या. रात्रपाळी करून आलेले दोनचार गिरणीवाले व्हरांड्यात आडवे. वर्गात मी पाढे घेत असले की बाहेरून एखादी बाई चुकलेला पाढा दुरुस्त करायची.

मी हेडमास्तरांना म्हटलं, "हे सगळं असलेलं बरं दिसणार नाही."

त्यांनी शिपायाकडून खिंडारात बाभळीच्या फांद्या कोंबून घेतल्या. पुढच्या फाटकाला, पाहुणे येईपर्यंत कुणी घुसू नये म्हणून, कुलूप. आणि बायकांना सांगायचं काम माझ्याकडं आलं. मी बुधवारी संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितलं, उद्या कुणी येऊ नका. शेवटचं घर आमचं. आई पीठ मळत होती. तिलाही सांगितलं. तिनं पीठ जरा जोरात आपटलं.

गुरुवारी आम्ही नऊ वाजल्यापासून हार घेऊन फाटकाशी उभे. दहा झाले. अकरा झाले. उन्हात मुलं सुकायला लागली. हेडमास्तरांच्या फेट्याखालून घामाची धार.

अण्णा तोपर्यंत दीड तास मागच्या गल्लीत होते. शाळेची पुढली बाजू इन्स्पेक्टरसाठी असते, असं म्हणून ते नेहमी मागून यायचे. तसे आले आणि बाभळीत धोतर अडकलं. पुढचं संभाषण आईनं आयुष्यभर इतक्या वेळा सांगितलं की मला तोंडपाठ आहे.

"अहो, ओढू नका ओ, फाटंल," आई म्हणाली. भिंतीलगतच्या अरुंद सावलीत ती, गौरम्मा आणि दहाबारा बायका सुपं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ऊन भिंतीपलीकडं आणि ह्या अलीकडं. गौरम्मा म्हणजे गल्लीची मुखत्यार. कानडीच बोलायची, मी मराठीत सांगते.

"हे काटे कुणी लावले?" अण्णांनी विचारलं.

"शाळेनं. आज कुणी फंडवाला येणार आहे म्हणे. त्याला आम्ही दिसायला नको."

"का?"

"आम्ही दिसलो तर त्याचे डोळे दुखतील की," गौरम्मा म्हणाली. "त्याचा फंड त्यानं आपल्या डोक्यावर वाळवावा. माझं दोन शेराचं पीठ आंबायला लागलंय."

"तुम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं कुणी?"

"माझ्याच लेकीनं," आई म्हणाली. "बी.ए. आहे."

"वा."

"वा काय त्यात. लई शिकली. आता तिला चार हातांवरनं आई ओळखू येत नाही. चष्मा लागणार बहुतेक."

अण्णांनी धोतर सोडवलं, आईच्या हातातली काठी मागून घेतली आणि तिथंच मातीत बसून कावळे हाकायला लागले. बायकांनी त्यांना विचारलं, तुम्ही कुणाकडं आलात. ते म्हणाले, "टपालातला माणूस. पत्ता शोधतोय." हे खोटं नव्हतं.

साडेअकराला मी मुलांसाठी पाणी आणायला शिपायाला पाठवलं आणि स्वतः फाटकाचं कुलूप उघडून, पुन्हा लावून, वळसा घालून मागच्या गल्लीत गेले, कुणी दिसतं का बघायला. रेशमी साडी, केसांत फूल. पाहते तर फंडअण्णा मातीत बसलेत, शेजारी माझी आई, आणि दोघं मिळून कुठला कावळा जास्त निर्लज्ज यावर बोलतायत.

"या टीचरम्मा," ते म्हणाले. "आई म्हणतात तुम्हाला चष्मा लागणार."

आईनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. तिच्या ध्यानात आलं असावं. पण तिनं पदरही सावरला नाही. म्हणाली, "हा का तो? मग बरंच झालं. आता याच्यासमोरच सांग, आम्ही का नको ते."

अण्णा म्हणाले, "ते राहू दे. अर्जात काय लिहिलं होतं तेवढं सांगा यांना. जिन्यावर सांगितलं तसं."

मी चार घरांत शिकवण्या करून फी भरलेली मुलगी. वादविवादात बक्षिसं घेतलेली. पण ते वाक्य तोंडातून निघायला किती वेळ लागला. शेवटी म्हटलं, "लिहिलं होतं की या वस्तीतल्या आया शाळेत येत नाहीत. त्यांना आणायला लाउडस्पीकर पाहिजे."

मग गौरम्मा म्हणाली, "येत नाही? अगं, आम्ही बसून बसून तुमच्या पटांगणातलं गवत मेलंय."

आणि ती अशी हसायला लागली की तिच्या मांडीवरचं सूप हलायला लागलं. मग आई. मग सगळ्याच. मी आधी लाजले, मग चिडले, आणि मग काय झालं कोण जाणे, मीही भिंतीला टेकून हसत सुटले. सगळी वस्ती रोज शाळेत येत होती. फक्त हातात सूप होतं म्हणून मी तिला पालक म्हणून मोजली नव्हती. बी.ए.च्या अभ्यासक्रमात पालक म्हणजे काय ते फार स्वच्छ लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "अण्णा, चूक माझी. हेडमास्तरांना बोल लावू नका."

"बोल कशाला? काटे काढा आधी."

आम्ही दोघांनी बाभळी उपसल्या. साडी फाटली, वडिलांनी नंतर ती अशी रफू केली की कुठं फाटली होती ते आज मला दाखवता यायचं नाही. खिंडार मोकळं झाल्यावर बायका सुपं घेऊन ओळीनं आत शिरल्या. आत मुलं अजून फाटकाकडं तोंड करून उभी. मागं गडबड ऐकून कुणा मास्तरांना वाटलं पाहुणे आले. त्यांनी खूण केली आणि मुलांनी रिकाम्या, कुलूपबंद फाटकाकडं बघत स्वागतगीत सुरू केलं. हेडमास्तर हार घेऊन धावत मागं आले. समोर बायकांची रांग, पाहुणे कुठं दिसेनात. गोंधळात त्यांनी जी पहिली समोर आली तिच्याच गळ्यात हार घातला. ती माझी आई.

"सरी," आई म्हणाली, शांतपणे हार काढला, भिंतीतल्या खुंटीला अडकवला आणि चटई पसरायला लागली.

त्या दिवशी पटांगणात जी सभा झाली तिला लाउडस्पीकर लागला नाही. हप्पळ पसरता पसरताच बोलणं चाललं होतं. अण्णांनी विचारलं, मुलींना पाचवीला का नाही पाठवत. हेडमास्तर दोन वर्षं हेच विचारत होते, पण दारात उभं राहून, फेटा घालून. बायका 'बघू' म्हणून पदर घेऊन आत जात. इथं बायका बसल्या होत्या आणि अण्णाही बसले होते. उत्तरं भराभर आली. एक म्हणजे रूळ. दुसरं कारण शाळेत कुणाला माहीतच नव्हतं: सकाळी उडदाचं पीठ कुटायला आणि लाटायला हात लागतात. मुलगी दहा वर्षांची झाली की तिचे हात धंद्यात धरलेले असतात.

"वर्ग इथंच झाला तर?" अण्णा म्हणाले.

"मग रुळांचं मिटलं," आई म्हणाली. "हातांचं नाही."

त्यावर बायकांनीच आपसात घोळवून घोळवून काढलं ते असं: पटांगणात एक पत्र्याचं छप्पर आणि दोन मोठी उखळं मिळाली, तर सगळ्यांचं पीठ एकत्र कुटून होईल, वेळ अर्धा होईल, आणि मुली शाळेच्या वेळात मोकळ्या. आया बाहेर, मुली आत, एकमेकींना दिसतील अशा. मी तिथंच व्हरांड्यात बसून ते लिहून काढलं. इंग्रजीत नव्हे, कानडीत, त्यांनी सांगितलं तसं. अर्धं पानही झालं नाही. अण्णांनी तळहातावर घेतलं, डोळे मिटले, "पाऊण तोळा," म्हणाले आणि घडी करून खिशात टाकलं. डाळ्यांच्या खिशात. मला ते आवडलं नव्हतं.

छप्पर झालं, उखळं आली. नावं जमायला लागली. जून उजाडला तेव्हा एकोणीस झाली आणि तिथंच थांबली.

विसावं नाव गौरम्माच्या मुलीचं व्हायचं होतं. तिला सगळे पुट्टी म्हणायचे. चौथीत पहिली आलेली, आणि लाटण्यातही पहिली. तिच्यासारखं पातळ गल्लीत कुणाचं होत नसे. व्यापारी तिचे हप्पळ वेगळे मागून न्यायचा. गौरम्मा म्हणायची, "छप्पर छान आहे, सगळ्यांच्या मुली जाऊ देत. माझी नको. कुटायला माणसं मिळाली, लाटायला तिच्यासारखी कोण देणार?" तिचा नवरा गिरणीत हात गमावून घरी बसलेला. ती उगाच हटून बसली नव्हती.

मी तिच्याकडं तीनदा गेले. हेडमास्तर दोनदा. वीस नाहीत तर वर्ग नाही. इन्स्पेक्टर पहिल्या दिवशी स्वतः येऊन डोकी मोजणार होते. एकोणीस मुलींनी नवीन पाट्या घेतल्या होत्या. मी चिकपेटेला धावले. म्हटलं, "अण्णा, तुमचं ती ऐकेल. स्वल्प समजावून सांगा."

"मी पोस्टातला माणूस, टीचरम्मा. पत्र पोचवतो. उत्तर लिही म्हणून कुणाच्या मागं लागत नाही."

"मग वर्ग जाऊ दे?"

"तसं कुठं म्हटलं?" ते म्हणाले आणि डाळे खायला लागले. त्या दिवशी मला त्यांचा इतका संताप आला की निरोप न घेताच जिना उतरले. फुलवालीनं विचारलं, "काय झालं ग?" मी तशीच बस गाठली.

पहिल्या दिवशी पाचवीच्या वर्गात मुली तेल लावून, वेण्या घालून बसल्या होत्या. इन्स्पेक्टर खुर्चीत, हेडमास्तर त्यांच्या बाजूला, कपाळावर हात. खिडकीबाहेर छपराखाली उखळांचा आवाज. मी हजेरी घ्यायला लागले, मुद्दाम सावकाश. एकेक नाव, एकेक हाजर. एकोणिसावं झालं. वहीत विसावं नाव मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, शिसपेन्सिलीनं. ते वाचलं. इन्स्पेक्टरांनी घड्याळ पाहिलं. मी पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं.

दारात धाप लागलेला आवाज. पुट्टी उभी. परकर खोचलेला, कोपरापर्यंत पीठ, कपाळावर पीठ. 'हाजर' म्हणायला तिच्या छातीत श्वास नव्हता. तेवढ्यात छपराखालून गौरम्माचा आवाज आला, उखळांच्याही वर चढलेला:

"बंदिद्दाळे, टीचरम्मा. आलीय ती. आधी लिहून घ्या, हात मग धुईल."

इन्स्पेक्टर हसले. मी दौतीत टाक बुडवला आणि पेन्सिलीवरून शाई फिरवली. अक्षर जरा वाकडंच आलं. मग खिडकीशी जाऊन बाहेर बघितलं.

पुट्टीच्या पोळपाटापुढं फंडअण्णा बसले होते. कोट काढून खुंटीला लावलेला, बाह्या वर, आणि ओठ दाताखाली धरून लाटणं असं चालवत होते, जसं काही टपालावर शिक्का मारतायत. भोवती बायका तोंडाला पदर लावून. माझी आई कडेनं पीठ भुरभुरत होती. त्यांनी लाटलेलं पहिलं हप्पळ गौरम्मानं दोन बोटांत धरून उजेडाकडं उचललं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"एवढं जाड चालायचं नाही, फंडअण्णा," ती म्हणाली. "पातळ करा. पोर सातवी होईपर्यंत बसायचंय तुम्हाला."